भिंतीवरचा संगणक

१९९६ साली स्वीडनमधल्या लुंड या गावच्या अ‍ॅक्सिस कम्युनिकेशन्स कंपनीने ‘नेटआय २००’ नावाचा कॅमेरा बाजारात आणला. त्याला टीव्ही जोडायचा नव्हता. संगणकाच्या नेटवर्कची केबल त्याच्या मागे खोचायची, दुसऱ्या संगणकावर ब्राउझर उघडायचा आणि चित्र येण्याची वाट पाहायची. लहान आकाराचे चित्र सेकंदाला एक येई. मोठे हवे असेल तर एका चित्राला १७ सेकंद लागत. एवढ्या वेळात माणूस दारातून आत येऊन बाहेरही पडतो, त्यामुळे पहाऱ्यासाठी तो कॅमेरा जवळजवळ निरुपयोगी होता. तरीही आज सोसायटीच्या फाटकावर, बँकेत, रेल्वे फलाटावर आणि चौकाचौकात दिसणारे नेटवर्क कॅमेरे त्याच्याच वंशातले आहेत. त्या डबीत लेन्सच्या मागे एक छोटा संगणक होता आणि पुढचा सगळा बदल तिथून सुरू झाला.

त्याआधीही पाळतीचे कॅमेरे होतेच. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, जर्मनीतल्या पेनेमुंडे येथे व्ही-२ रॉकेटचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहता यावे म्हणून केबलने जोडलेला टीव्ही कॅमेरा वापरला गेला. पुढची पन्नास वर्षे हीच पद्धत चालली. कॅमेरा प्रकाशाचे रूपांतर विजेच्या कमीजास्त होणाऱ्या लहरीत करी, ती लहर जाड कोअ‍ॅक्सिअल केबलमधून पडद्यापर्यंत जाई आणि जपायची असेल तर टेपवर उतरे. टेपची जागा डीव्हीआरने घेतली तेव्हा चित्राचे आकडे झाले, पण ते केबलच्या शेवटच्या टोकाला, डीव्हीआरच्या पेटीत. नेटवर्क कॅमेऱ्यात हे काम कॅमेऱ्याच्या पोटातच उरकते. तिथून बाहेर पडतो तो निव्वळ डेटा. डेटा कमअस्सल न होता कितीही वेळा उतरवता येतो, जगाच्या दुसऱ्या टोकाला पाठवता येतो, कुलूपबंद करता येतो आणि चोरताही येतो. ही यंत्रणा समजून घ्यायची तर एवढे पक्के धरायला हवे: खांबावर टांगलेली वस्तू संगणक आहे. तिचे सामर्थ्य आणि तिचे धोके दोन्ही संगणकाचेच आहेत.

प्रकाशाचे आकडे

लेन्समधून आलेला प्रकाश सीमॉस सेन्सर नावाच्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या चकतीवर पडतो. सर्वसाधारण ‘टू मेगापिक्सल’ कॅमेऱ्यात या चकतीवर आडवे १,९२० आणि उभे १,०८० असे २० लाख ७३ हजार ६०० प्रकाशबिंदू असतात. प्रत्येक बिंदू फक्त किती प्रकाश पडला हे मोजतो. रंग त्याला कळत नाही. म्हणून प्रत्येक बिंदूवर लाल, हिरव्या किंवा निळ्या रंगाची सूक्ष्म काच बसवलेली असते. चार बिंदूंत दोन हिरवे, एक लाल, एक निळा ही मांडणी कोडॅक कंपनीच्या ब्राइस बायर यांची. तिचे पेटंट १९७६ चे. माणसाचा डोळा हिरव्या छटेला सर्वांत संवेदनशील, म्हणून हिरवे दुप्पट. शेजारच्या बिंदूंचे आकडे पाहून प्रत्येक ठिकाणचा पूर्ण रंग काय असावा, हे कॅमेऱ्यातला प्रोसेसर हिशेबाने ठरवतो.

रात्री ही व्यवस्था बदलते. सिलिकॉनला माणसाला न दिसणारा अवरक्त प्रकाशही जाणवतो. दिवसा तो चित्राचे रंग बिघडवतो, म्हणून सेन्सरपुढे त्याला अडवणारी काच असते. अंधार पडला की ‘टक्’ असा बारीक आवाज होऊन ती काच बाजूला सरकते आणि लेन्सभोवतीचे एलईडी पेटतात. हे दिवे बहुधा ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे असतात. जवळ जाऊन पाहिले तर त्यांचा मंद लालसर ठिपका दिसतो. या उजेडात रंगांची माहिती उरत नाही, म्हणून रात्रीचे चित्र कृष्णधवल असते. यातली एक गोष्ट तपास करणाऱ्यांनी आणि साक्षीदारांनीही जाणून घ्यावी अशी आहे. काळ्या रंगात रंगवलेले कापड पुष्कळदा अवरक्त प्रकाश भरपूर परावर्तित करते. रात्रीच्या फुटेजमध्ये पांढरट दिसणारा शर्ट प्रत्यक्षात काळा असू शकतो.

दुसरी अडचण वेगाची. ताशी ६० किलोमीटरने जाणारी मोटारसायकल सेकंदाला १६ मीटरहून अधिक अंतर कापते. सेन्सरने एका चित्रासाठी सेकंदाचा पंचविसावा भाग प्रकाश गोळा केला, तर तेवढ्यात गाडी ६६ सेंटीमीटर पुढे गेलेली असते आणि नंबरप्लेटचा नुसता पट्टा उमटतो. सेकंदाचा हजारावा भाग घेतला तर गाडी जेमतेम पावणेदोन सेंटीमीटर सरकते आणि आकडे वाचता येतात. पण इतक्या कमी वेळात पुरेसा प्रकाश मिळायचा तर वेगळा, जोरकस दिवा लागतो. म्हणूनच नंबरप्लेट टिपणारे कॅमेरे वेगळे असतात. फाटकावरच्या सर्वसाधारण कॅमेऱ्याकडून रात्री धावत्या गाडीचा नंबर मागणे व्यर्थ आहे.

एका मीटरमध्ये किती बिंदू?

दुकानात कॅमेरा विकताना मेगापिक्सल सांगितले जातात. खरा प्रश्न वेगळा असतो. ज्या जागी माणूस उभा राहणार, तिथल्या एक मीटर रुंदीला किती बिंदू मिळतात?

याचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. २०१४ च्या आयईसी ६२६७६-४ मध्ये सांगितलेल्या पायऱ्यांपैकी चार इथे पाहू. मीटरला २५ बिंदू मिळाले तर ‘तिथे कोणीतरी आहे’ एवढे कळते. ६२ च्या आसपास मिळाले तर कपडे, हालचाल असे काही तपशील दिसतात. १२५ मिळाले तर ओळखीचा माणूस ओळखू येतो. अनोळखी माणसाची ओळख शंकेला जागा न ठेवता पटवायची असेल तर २५० लागतात.

आता हिशेब करा. टू मेगापिक्सल कॅमेऱ्याकडे आडवे १,९२० बिंदू आहेत. २५० ने भागले तर उत्तर येते साधारण पावणेआठ मीटर. याहून रुंद जागा त्या चौकटीत घेतली, की अनोळखी चेहऱ्याची खात्री देता येत नाही. ४० मीटर रुंदीचा चौक एका कॅमेऱ्यात बसवला तर मीटरला ४८ बिंदू येतात. माणसाचा चेहरा सुमारे १६ सेंटीमीटर रुंद, म्हणजे त्याच्या वाट्याला आठ बिंदूही येत नाहीत. नंतर संगणकावर ते चित्र कितीही मोठे केले तरी जे सेन्सरने टिपलेच नाही ते प्रकट होत नाही. चित्रपटांत दाखवतात तसा धूसर चेहरा बटण दाबून लख्ख होत नाही.

म्हणून जाणकार एका जागेसाठी दोन कॅमेरे सुचवतात. एक रुंद, ‘काय घडले’ ते सांगणारा. दुसरा अरुंद, फाटकावर किंवा जिन्याच्या तोंडाशी, चेहऱ्याच्या उंचीच्या जवळ, ‘कोण होता’ ते सांगणारा. खूप उंचावर लावलेल्या कॅमेऱ्याला टोप्या आणि टाळूच दिसतात.

शेकडो पट आकुंचन

एका चित्रातल्या प्रत्येक बिंदूला रंगासाठी तीन बाइट लागतात. म्हणजे एका चित्राचे ६२ लाख बाइट, सेकंदाला २५ चित्रे धरली तर साडेपंधरा कोटी बाइट. एकाच कॅमेऱ्याची एका दिवसाची ही कच्ची माहिती १३ टेराबाइटांहून अधिक भरते. ती ना केबलमधून नेता येईल, ना साठवता येईल. प्रत्यक्षात तोच दिवस ४३ गिगाबाइटांत मावतो, म्हणजे मूळच्या सुमारे तीनशेव्या भागात. ही करामत कॅमेऱ्यातल्या चिपमध्ये घडते आणि तिच्या मुळाशी एका भारतीय माणसाचे गणित आहे.

१९४० मध्ये बंगळुरूत जन्मलेले नसीर अहमद अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत होते. १९७२ मध्ये त्यांनी एका नव्या गणिती रूपांतरावर काम करण्यासाठी अनुदान मागितले. ते नाकारले गेले. त्यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी १९७४ मध्ये ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ हा शोधनिबंध प्रसिद्ध केला. कल्पना अशी: चित्राचे लहान चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनातला उजेड हळूहळू किती बदलतो, झपाट्याने किती बदलतो, हे वेगवेगळ्या आकड्यांत मांडायचे. बहुतेक चौकोनांत झपाट्याच्या बदलांचे आकडे शून्याजवळ असतात आणि डोळ्याला त्यांची उणीव फारशी जाणवत नाही. ते टाकून द्यायचे. मोबाइलमधला जेपीईजी फोटो, डीव्हीडी, आणि नेटवर्क कॅमेऱ्यात वापरली जाणारी एच.२६४ व एच.२६५ ही तंत्रे, सगळी याच पायावर उभी आहेत.

दुसरी बचत काळाची. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्री दोन वाजता एका चित्रातून दुसऱ्या चित्रात बदलतेच काय? म्हणून कॅमेरा अधूनमधून एकच चित्र पूर्ण पाठवतो, बहुधा सेकंद-दोन सेकंदांनी. मधल्या चित्रांत फक्त फरक पाठवतो. किराणा दुकानदार वर्षारंभी मालाची पूर्ण यादी करतो आणि रोज केवळ आवक-जावक लिहितो, तशातला हा प्रकार आहे. पूर्ण चित्राला आय-फ्रेम म्हणतात, फरकाच्या चित्रांना पी आणि बी-फ्रेम.

यातून एक गोष्ट ओघाने येते. दृश्यात हालचाल जितकी जास्त, तितका डेटा जास्त. वाऱ्याने हलणारे झाड, कोसळणारा पाऊस, लेन्सवर जाळे विणणारा कोळी, अंधारात चित्रावर उमटणारे दाणे, हे सगळे कॅमेऱ्याच्या लेखी बदलच असतात. बसवणाऱ्याने डेटाची मर्यादा आवळून ठेवली असेल, तर नेमक्या अशा वेळी, आणि नेमक्या झटापटीच्या क्षणी, चित्र चौकोनी ठोकळ्यांत फुटते. ही मर्यादा ठरवताना पावसाळी रात्र डोळ्यापुढे ठेवायला हवी.

एक केबल, वीज आणि पत्ता

कॅमेऱ्यातून आता डेटाची छोटी छोटी पाकिटे निघतात. प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा आयपी पत्ता असतो. इमारतीतले सगळे कॅमेरे ‘कॅट सिक्स’ केबलने एका स्विचला जोडलेले असतात आणि स्विचमधून रेकॉर्डिंग करणाऱ्या एनव्हीआर पेटीला. जुन्या पद्धतीत प्रत्येक कॅमेऱ्याची केबल थेट रेकॉर्डरपर्यंत ओढावी लागे आणि विजेची वायर वेगळी. २००३ मध्ये ठरलेल्या ‘पॉवर ओव्हर इथरनेट’ (पीओई) मानकाने ती कटकट संपवली. आता त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीजही मिळते. पीओई स्विच आधी क्षीण विद्युतदाब देऊन समोरचे उपकरण वीज घेण्याजोगे आहे का ते तपासतो आणि मगच ४८ व्होल्टच्या आसपास दाब सोडतो. त्या पहिल्या मानकात एका तोंडाला १५.४ वॉटपर्यंत. याचा मोठा फायदा असा, की स्विच आणि एनव्हीआर एका यूपीएसवर ठेवले तर वीज गेली तरी सर्व कॅमेरे चालू राहतात.

तांब्याच्या या केबलची मर्यादा १०० मीटर. त्यापुढे ऑप्टिकल फायबर लागते. काचेच्या धाग्यातून वीज वाहत नसल्याने, दोन इमारतींमधल्या लांब केबलमधून वादळात येणारा झटकाही त्यातून पसरत नाही. शहरभर पसरलेल्या यंत्रणा अशाच फायबरवर चालतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईत अशा जाळ्याची मागणी झाली, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये साडेचार हजारांहून अधिक कॅमेऱ्यांची यंत्रणा पोलिसांच्या नियंत्रण कक्षाशी जोडून सुरू झाली.

बहुतेक कॅमेरे एकाच वेळी दोन प्रवाह पाठवतात. मोठा, पूर्ण तपशिलाचा प्रवाह रेकॉर्डिंगसाठी. लहान प्रवाह पडद्यावर सोळा चौकटी एकदम दाखवण्यासाठी किंवा मोबाइलसाठी. मोबाइलवर चित्र धूसर दिसते म्हणून कॅमेरा वाईट, असा निष्कर्ष काढू नये. रेकॉर्डिंग उघडून पाहावे. वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे आणि रेकॉर्डर एकमेकांशी बोलू शकावेत म्हणून २००८ मध्ये अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी ‘ऑनव्हिफ’ ही संघटना उभी केली. तिच्या नियमांना धरून बनवलेली यंत्रणा घेतली तर उद्या एका कंपनीवाचून अडत नाही.

किती दिवस मागे जाता येते?

सेकंदाला चार मेगाबिटचा प्रवाह असलेला कॅमेरा दिवसाला ४३ गिगाबाइट भरतो. सोळा कॅमेरे मिळून ६९१ गिगाबाइट. पेटीत चार टेराबाइटची हार्ड डिस्क असेल तर सहा दिवसही पुरे होत नाहीत. त्यानंतर एनव्हीआर सर्वांत जुने रेकॉर्डिंग पुसून त्यावर नवे लिहितो. पार्किंगमधून सायकल गेल्याचे दहाव्या दिवशी लक्षात आले, तर ते फुटेज उरलेलेच नसते. एच.२६५ तंत्राने डेटा निम्म्यापर्यंत आणता येतो. हालचाल असेल तेव्हाच रेकॉर्डिंग करण्याची सोयही असते. मात्र हालचाल ओळखण्यात चूक झाली तर तो क्षण कायमचा हुकतो. सोळाही कॅमेऱ्यांचे ३० दिवस जपायचे तर याच हिशेबाने जवळपास २१ टेराबाइट जागा लागेल. म्हणून खरेदीच्या वेळी ‘किती कॅमेरे?’ या प्रश्नाइतकाच ‘किती दिवस?’ हा प्रश्नही महत्त्वाचा आहे.

साठवणुकीबरोबर घड्याळ येते. चित्राच्या कोपऱ्यातली वेळ एनव्हीआर किंवा कॅमेऱ्यातल्या घड्याळाची असते आणि ती घड्याळे मागेपुढे होतात. इंटरनेटवरच्या किंवा जाळ्यातल्या एका प्रमाण घड्याळाशी ती सतत जुळवण्याची एनटीपी नावाची सोय जवळजवळ प्रत्येक यंत्रणेत असते, फक्त ती सुरू करावी लागते. दोन कॅमेऱ्यांत चार मिनिटांचा फरक असेल, तर एकाच माणसाचा माग दोन वेगळ्या गोष्टी सांगू लागतो.

उघडे दार

गावी बसून मुंबईच्या घराचे दार मोबाइलवर दिसते, ते कसे? घरातल्या कॅमेऱ्याचा पत्ता खासगी असतो. बाहेरून कोणी थेट त्याला हाक मारू शकत नाही. म्हणून कॅमेरा स्वतःच कंपनीच्या सर्व्हरशी सतत जोडणी राखून असतो. मोबाइलवरचे अ‍ॅप त्याच सर्व्हरकडे जाते आणि सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो, किंवा चित्र स्वतःमार्फत पुढे पाठवतो. सोय मोठी आहे, पण तुमच्या दाराचे चित्र आता तिसऱ्याच्या भरवशावर असते. दुसरा मार्ग म्हणजे राऊटरमध्ये कॅमेऱ्यासाठी थेट वाट उघडणे. तो अधिक धोक्याचा, कारण त्या वाटेने जग आत येऊ शकते.

ते येते, हे २०१६ मध्ये दिसले. ‘मिराई’ नावाचा घातक प्रोग्राम इंटरनेटवर उघडे कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर शोधत फिरे. त्याच्याजवळ कारखान्यातून येणाऱ्या साठएक नाव-पासवर्डच्या जोड्यांची यादी होती. मालकांनी ते पासवर्ड बदललेच नव्हते. एवढ्या बळावर त्याने लाखो उपकरणे ताब्यात घेतली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा उपकरणांनी संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या अमेरिकी कंपनीच्या सर्व्हरवर एकदम मागण्यांचा पूर लोटला, तेव्हा ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अनेकांसाठी तासन्‌तास बंद पडल्या. ज्यांचे कॅमेरे यात सामील झाले होते त्यांना सहसा काहीच जाणवले नाही. चित्र नेहमीसारखे दिसत होते.

भारत सरकारने एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या अटी सक्तीच्या करणारी अधिसूचना काढली आणि एप्रिल २०२५ पासून ती लागू झाली. कॅमेऱ्याचे हार्डवेअर, त्यातले सॉफ्टवेअर आणि डेटा पाठवण्याची पद्धत मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासली गेल्याशिवाय नवे कॅमेरे विकता येत नाहीत. हा निर्णय योग्यच होता आणि तो आणखी आधी व्हायला हवा होता. मात्र आधीच बसवलेल्या कॅमेऱ्यांचे पासवर्ड बदलण्याचे काम कोणतीही अधिसूचना करू शकत नाही.

न्यायालयाच्या दारात

फुटेज असणे आणि पुरावा असणे या दोन गोष्टी आहेत. यावरचा महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातूनच आला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात २९६ मतांनी निकाल लागला आणि विजयी उमेदवाराचा अर्ज दुपारी तीनची मुदत टळल्यावर स्वीकारला गेला, असा आक्षेप घेतला गेला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रण पुढे आले, पण कायद्याने लागणारे प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळाले नव्हते. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले: मूळ उपकरण न्यायालयात आणले नसेल, तर प्रतीसोबत प्रमाणपत्र हवेच. पक्षकाराने मिळवण्याचा सर्व प्रयत्न करूनही ते दिले गेले नाही, म्हणून या खटल्यात मात्र त्याला त्यातून सूट मिळाली.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र अधिक काटेकोर झाले आहे. उपकरणाचा ताबा असणाऱ्याबरोबर तज्ज्ञाचीही सही लागते आणि फाइलचे ‘हॅश’ मूल्य नोंदवावे लागते. हॅश म्हणजे पूर्ण फाइलवर गणिती क्रिया करून काढलेली ठरावीक लांबीची आकडे-अक्षरांची ओळ. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ती ओळ पार वेगळी येते. मोबाइलने पडद्याचे चित्रीकरण करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या क्लिपला मूळ रेकॉर्डिंगचे बळ नसते, ते यामुळेच. मूळ फाइल एनव्हीआरमधून रीतसर काढावी, लगेच काढावी आणि कोणी, केव्हा काढली ते लिहून ठेवावे.

हा पुरावा सत्तेलाही उत्तरदायी करतो. परमवीर सिंग सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आणि रेकॉर्डिंग १८ महिने, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष जपण्याचा आदेश दिला. कोठडीतल्या माणसासाठी ते फुटेज हाच साक्षीदार असू शकतो.

पाहणाऱ्यावरची जबाबदारी

आता कॅमेरे चित्र पाठवण्यापुरते उरलेले नाहीत. माणूस, वाहन, चेहरा ओळखणारी सॉफ्टवेअरे त्यांच्या चिपमध्येच बसू लागली आहेत. इथे साधा हिशेब विसरू नये. एखाद्या स्थानकावर दिवसाला एक लाख लोक येतात आणि यंत्रणा हजारात एकदाच चुकते असे धरले, तरी रोज शंभर निरपराध माणसांवर संशयाचे बोट येईल. यंत्राने दाखवलेले नाव ही तपासाची सुरुवात असते; तिच्यावर निकाल देऊन चालत नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. शेजाऱ्याच्या खिडकीवर रोखलेला कॅमेरा तुमच्या सुरक्षेत भर घालत नाही आणि त्याच्या हक्कावर मात्र घाला घालतो.

तुमच्या घरी, दुकानात किंवा सोसायटीत अशी यंत्रणा असेल तर या आठवड्यात पाच गोष्टी करा. कारखान्याचा पासवर्ड बदला. घड्याळ तपासा. सर्वांत जुने रेकॉर्डिंग किती दिवसांपूर्वीचे आहे ते पाहा. फाटकावर एखाद्याला उभे करून रात्रीच्या रेकॉर्डिंगमध्ये त्याचा चेहरा ओळखू येतो का, हे पडताळा. पाच मिनिटांचे फुटेज प्रत्यक्ष बाहेर काढून बघा आणि ते काढण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर ठेवा. पोलीस दाराशी आल्यावर यातले काहीही नव्याने करता येत नाही. बसवून विसरलेला कॅमेरा असून नसल्यासारखा आहे, आणि पासवर्ड न बदललेला कॅमेरा नसलेलाच बरा.